निंबाळीचा हिरवा ठिपका

१

बाळाचे ओठ निळे पडल्याचा फोन आला, तेव्हा धम्मशीला बुलढाण्याच्या कार्यालयात आपल्या टेबलाशी बसून सोमवारची यादी तपासत होती. शुक्रवारची दुपार. पलीकडून धाकट्या भावाची बायको दीपमाला बोलत होती, आणि बोलता बोलता तिचा आवाज फाटत होता.

"ताई, ओठ जांभळे दिसून राह्यले. नखं बी. काऊन होत असन असं?"

दीपमाला बाळंतपणाला माहेरी आली होती, वरवट बकालच्या पुढं निंबाळीला. अंगावरचं दूध पुरेना, म्हणून अडीच महिन्यांच्या लेकराला भुकटीचं दूध सुरू केलेलं. संध्याकाळपर्यंत बाळाला खामगावला हलवलं. डॉक्टरांनी रक्ताचा थेंब पांढऱ्या कागदावर टेकवून बघितला. तो लाल नव्हता, चॉकलेटी होता. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. दुधात पाणी कोणतं घालता?

हापशीचं, दीपमाला म्हणाली. उकळून.

नायट्रेट उकळल्यानं जात नाही, डॉक्टर म्हणाले. तान्ह्या बाळाचं रक्त मग प्राणवायू धरत नाही. औषध दिलंय, अठ्ठेचाळीस तास बघू.

तोवर खामगावला पोचलेली धम्मशीला भिंतीला टेकून उभी होती. तीन आठवड्यांपूर्वी दीपमालानं फोनवर विचारलं होतं, की बाळाच्या दुधासाठी जारचं पाणी आणू का. धम्मशीलाला जारांची धास्ती. कधी भरलेले, कोणी झाकण उघडलेलं, कोण सांगणार? तिनं मोबाइलवर नकाशा उघडला, निंबाळीवर बोट टेकवलं आणि म्हणाली, हापशी हिरवी आहे, तेच उकळून दे.

नकाशा तिनं स्वतःच बनवला होता. सरकारच्या तीन फायली कुणालाही उतरवून घेता येतात: पाण्याच्या तपासणीची, हापशांच्या दुरुस्तीची आणि अंगणवाड्यांची. तिन्ही वेगवेगळ्या कार्यालयांच्या, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या. प्रत्येक हापशीच्या ओट्यावर पिवळ्या रंगात रंगवलेला क्रमांक मात्र तिन्हींत होता. कंत्राटी नोकरीच्या दोन वर्षांत धम्मशीलानं त्या क्रमांकाच्या धाग्यानं तिन्ही फायली एकत्र ओवल्या. गावावर बोट ठेवलं की अंगणवाडीजवळची हापशी दिसायची. पाणी पिण्याजोगं असेल तर ठिपका हिरवा, नसेल तर लाल.

शनिवारी सकाळी दीपमालाच्या आईला, कलाबाईंना, डबा आणि धुतलेली लुगडी आणायला निंबाळीला जायचं होतं. धम्मशीला सोबत गेली. कलाबाई गावच्या अंगणवाडीत मदतनीस. घर अंगणवाडीला लागूनच. घरात पाऊल टाकताच त्यांनी कोपऱ्यातल्या, पांढरं फडकं बांधलेल्या वेगळ्या मडक्यातून तांब्या भरून दिला. "घ्या ताई, उन्हातून आल्या. हे पाव्हन्याचं हाय."

दोन घोट घेऊन धम्मशीला हापशीवर गेली. पर्समधलं पेनासारखं मीटर तिनं धारेखाली धरलं. क्षार अठराशे चाळीस. नायट्रेटची पट्टी बुडवली, तर ती बघता बघता गडद गुलाबी झाली, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी वर.

नकाशावर ती हापशी हिरवीच होती. त्याखाली शेवटच्या तपासणीची ओळ: १५ एप्रिल, क्षार बावन्न, नायट्रेट तीन.

२

तिनं तिथूनच साहेबांना फोन लावला. सोमवारी अकरा वाजता ज्या यादीवर सही व्हायची, ती या नकाशावरूनच निघाली होती. ज्यांची हापशी लाल, अशा अंगणवाड्यांना पाणी गाळायचं यंत्र मिळणार होतं. निंबाळी त्यात नव्हती. एकतीस मुलं पुढचं वर्षभर, कदाचित त्याहून जास्त, हेच पाणी पिणार होती.

साहेब वाईट माणूस नव्हते. बाळाची तब्येत त्यांनी आधी विचारली. मग म्हणाले, तुमचं मीटर खिशातलं, प्रयोगशाळेचा अहवाल सहीशिक्क्याचा. एप्रिलला पाणी चांगलं असेल, पावसाळ्यात बिघडलं असेल. "तो नमुना त्या हापशीचा नव्हता असं म्हणायचं असेल, तर कुठला होता आणि कोणी भरला, ते लिहून आणा. सोमवारपर्यंत."

अंगणवाडीच्या पायरीवर बसून धम्मशीलानं तपासणीची मूळ फाइल उघडली. निंबाळीच्या हापशीच्या तीन ओळी होत्या. गेल्या वर्षी नायट्रेट एकशे अठरा, त्याआधीच्या वर्षी एकशे नऊ. दोन्ही लाल. नकाशा फक्त शेवटची ओळ दाखवत होता. बघणाऱ्याचा गोंधळ नको म्हणून तसं ठरवलं होतं, आणि ठरवणारी ती स्वतः होती.

तिनं बुलढाण्याला नवऱ्याला, प्रसेनजितला फोन केला. लेकीला, महामायाला, कोणतं पाणी दिलं? सकाळपासूनचा हा तिसरा फोन होता. प्रसेनजित न चिडता म्हणाला, घरचंच, गाळलेलं. तू बाळाकडे बघ.

फोन ठेवून तिनं दुरुस्तीची फाइल उघडली, तोच पिवळा क्रमांक टाकला आणि आलेली ओळ दोनदा वाचली. हापशी खोलून पाइप वर काढले, ११ एप्रिल. पुन्हा सुरू, २४ एप्रिल.

पंधरा एप्रिलला या हापशीतून पाण्याचा थेंबही निघणं शक्य नव्हतं.

३

दोन फायलींपैकी एक खोटी होती. दुरुस्ती न करता कागदावर दाखवायची, हे कोणी कधी केलंच नाही असं नव्हतं. दुरुस्तीच्या ओळीपुढं नाव होतं हापशी दुरुस्त करणाऱ्या गुलाबराव मिस्त्रींचं.

वरवट बकालला रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं शेड. गुलाबराव हापशीच्या दट्ट्याला नवा वायसर बसवत होते. धम्मशीलानं जपून विषय काढला, तरी त्यांना कळायचं ते कळलंच.

"म्हंजे मी हापशी न खोलताच कागद रंगवला, असं तुमचं म्हननं," ते मान वर न करता म्हणाले. "तुमी शिकेल मानसं. कम्पुटरवर बसून तुमाले माह्या हाताचं काळं दिसते."

त्यांनी चिंधीनं हात पुसले आणि मोबाइल काढला. खालपासून वरपर्यंत हापशांचेच फोटो. शेवटी एकावर थांबून त्यांनी मोबाइल तिच्या पुढ्यात धरला. निंबाळीचा चौक, निळ्या पताका, मांडव. मांडवाच्या एका बाजूला टेकू म्हणून उभे केलेले चार लोखंडी पाइप.

"चौदा एप्रिल. जयंतीचा मांडव झुकून राह्यला व्हता, तं पोट्टे आले, म्हने काका, पाइप द्या. माहे पाइप हापशीत असते तं मांडवाले कसे लागले असते? सांगा ना."

धम्मशीलानं फोटोवरची तारीख बघितली. तिनं माफी मागितली. गुलाबरावांनी ती घेतल्यासारखं दाखवलं नाही, पण चहा मागवला. त्या तेरा दिवसांत गाव पाणी कुठून आणायचं, असं तिनं विचारलं. किसनरावांच्या वावरातल्या बोअरवरून, ते म्हणाले, आणि तेही तोंडात धरवत नाही असं खारं. या पट्ट्यात खाली कितीही जा, गोडं पाणी लागत नाही.

म्हणजे बाटली किसनरावांच्या बोअरवरची असती, तरी बावन्न आकडा आला नसता. निघताना गुलाबरावांनी विचारलं, बाळ कसं हाय? आणि उत्तर ऐकून पुन्हा दट्ट्याकडे वळले.

मग त्या बाटलीत होतं तरी काय?

४

शैलजा प्रयोगशाळेत पाणी तपासते. रविवारी ती घरी होती. पोथीसारखी जाड नोंदवही मात्र तिनं धम्मशीलाच्या शनिवारच्या फोननंतर घरी आणून ठेवली होती. धम्मशीलाच्या मनात होतं, की बाटल्यांची अदलाबदल झाली असावी. नऊ बाटल्या एका दिवशी आल्या, चिठ्ठ्या इकडच्या तिकडं.

शैलजानं वही तिच्यापुढं उघडून ठेवली. पंधरा एप्रिलच्या नऊ ओळी. आठ बाटल्यांचे क्षार अकराशे ते दोन हजार. नववी बावन्न.

"अदलाबदल झाली असती तर बावन्नवाली हापशी दुसरी कुठलीतरी असती ना," शैलजा म्हणाली. "आठ गावांत अशी एकही नाही. मला तेव्हाच खटकलं होतं. हे बघा, मी दोनदा तपासलंय."

समासात शिसपेन्सिलीनं दुसरा आकडा होता, त्रेपन्न. आणि त्यापुढं बारीक अक्षरांत शेरा: पाणी यंत्रातून गाळलेलं वाटतं, नमुना पुन्हा घ्यावा.

धम्मशीलानं तो शेरा वाचला, पुन्हा वाचला. हे खुल्या फायलीत का नाही?

"आकडे वर चढवतात. शेऱ्याचा रकानाच नाही त्यात." शैलजानं वही मिटली. "मी लिहून मोकळी झाले. पुन्हा विचारायला हवं होतं. रोज बाटल्या येतात हो, समोर ढीग असतो. पण विचारायला हवं होतं."

 बाहेर शैलजाची मुलगी गार्गी पाढे म्हणत होती, नऊच्या पाढ्यावर अडखळत होती.

यंत्रातून गाळलेलं पाणी. निंबाळीत तर यंत्र नव्हतं. तेच मिळावं म्हणून हा सगळा खटाटोप. हे पाणी निंबाळीत कोणीतरी बाहेरून आणलं होतं, नाहीतर बाटली निंबाळीत गेलीच नव्हती.

"बाटलीवरच्या चिठ्ठीवर सही कोणाची होती?"

"लक्ष्मीकांत काकांची," शैलजा म्हणाली. "नमुने तेच आणतात."

५

लक्ष्मीकांत काका सेवानिवृत्तीला सहा महिने उरलेले, सडपातळ, कपाळाला गंध लावलेले गृहस्थ. अंगणात तुळशीला पाणी घालत होते. रस्त्याकडेच्या हॉटेलात बसून नऊ बाटल्या भरल्या असतील, अशी धम्मशीलाची समजूत घट्ट होत चालली होती. पण तसं असतं तर आठ बाटल्या खाऱ्या का निघाल्या? हा अडसर तिला वाटेतच जाणवला होता. म्हणून तिनं आरोप केला नाही. बाळाची हकिकत सांगितली आणि पंधरा एप्रिलला निंबाळीत काय झालं, एवढंच विचारलं.

काका झारी हातात धरूनच सांगू लागले.

निंबाळी त्या दिवशीचं शेवटचं गाव होतं. ऊन डोक्यात गेलेलं, मोटारसायकलवर चक्कर येत होती. अंगणवाडीच्या ओट्यावर ते बसले ते बसलेच. आतून एक बाई आली. त्यांनी पिशवीतून बाटली काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, बाई, तेवढी बाटली भरून द्या. ती आत गेली, भरून घेऊन आली. त्यांनी झाकण लावलं, चिठ्ठी चिकटवली, सही केली.

"हापशीवरून भरा, असं म्हणालात?"

"नाही." त्यांनी झारी खाली ठेवली. "हापशी खोललेली आहे हेसुद्धा मी बघितलं नाही. ओट्यावरून उठून बघितलं असतं, तर वीस पावलांवर होती. नमुना आपल्या हातानं घ्यायचा असतो. तीस वर्षं घेतला. त्या दिवशी नाही घेतला."

"बाई कोण होत्या?"

"नाव विचारलं नाही. अंगणवाडीतल्याच. मदतनीस असाव्यात."

निंबाळीच्या अंगणवाडीत मदतनीस एकच होती.

६

खामगावला पोचेपर्यंत एसटीच्या खिडकीशी बसून धम्मशीलानं सगळं जुळवून बघितलं. पाणी जमिनीतलं नव्हतं, यंत्रातलं होतं. निंबाळीत असं पाणी येतं ते जारमधून, आणि गावात जार उतरतात ते कार्य असेल तेव्हा. चौदा एप्रिलला जयंती. पंधराला बाटली. आणि काल सकाळी आपल्याला ज्यातून तांब्या भरून दिला, ते कोपऱ्यातलं फडकं बांधलेलं मडकं. पाव्हन्याचं.

कोडं सुटलं होतं. सुटल्याचं समाधान मात्र कुठं नव्हतं. आता ते कलाबाईंना सांगायचं होतं. न सांगता चाललं असतं का? शैलजाचा शेरा होता, गुलाबरावांचा फोटो होता, काकांनी लिहून दिलं होतं. पण नमुना कुठला, हे साहेबांनी विचारलंच होतं. ते एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस बाळाची आजी होतं.

बाळाचे ओठ आता नुसते फिकट होते. दीपमाला पाळण्याच्या कडेवर डोकं टेकवून झोपली होती. कलाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या, रिकामा डबा मांडीवर घेऊन. धम्मशीला शेजारी बसली.

"मावशी, उन्हाळ्यात जयंतीच्या दुसऱ्या दिवशी एक सायेब आले व्हते आंगनवाडीत. मोटारसायकलवर. त्यायले तुमी बाटली भरून देल्ली व्हती का?"

कलाबाईंना आठवायला वेळ लागला नाही.

"हाव, देल्ली व्हती. लयच थकले व्हते बापा." त्या डब्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. "माह्या सासूच्या हातचं पानी गावात कोनी घेत नव्हतं, ताई. मी नवी नवरी असतानी पायलं हाय माह्या डोयानं. आन त्या दिवशी गंध लावेल सरकारी मानूस माह्या ओट्यावर बसून म्हने, बाई, बाटली भरून द्या. त्याले का मी खारं पानी देऊ? जयंतीच्या जारातलं मडकंभर ठेवलं व्हतं. फडक्यानं गाळून बाटली भरली. जाताजाता हात जोडले त्यायनं मले."

त्या थांबल्या. धम्मशीलाचा चेहरा त्यांनी बघितला असावा.

"काऊन? काय झालं त्या बाटलीचं?"

वाटेत धम्मशीलानं दोन-तीन सौम्य वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. तिनं जसं होतं तसं सांगितलं. ती बाटली प्यायची नव्हती, तपासायची होती. तिच्यातलं पाणी हापशीचं म्हणून लिहिलं गेलं. त्यावरून ठिपका हिरवा झाला. त्या ठिपक्यावरून बाळाचं दूध.

कलाबाईंनी मांडीवरचा डबा बाजूला ठेवला.

"मंग माह्या हातानंच," त्या म्हणाल्या.

"नाही मावशी. तुमी पाव्हन्याले पानी देल्लं. ते तपासाचं हाय, हे तुमाले कोनी सांगतलं नाही. सायेब उठून हापशीवर गेले नाही. म्याडमनं वहीत लिवलं, ते कोनी वर चढवलं नाही. आन हापशीच्या दोन लाल ओळी व्हत्या, त्या मी झाकल्या. दीपमालाले फोनवर हिरवं म्हननारी बी मीच. पह्यलं नाव माहं लिवनार हाय मी."

आत बाळ रडलं. दोघींच्या माना एकदमच वळल्या. दोन दिवसांत ते इतक्या जोरात पहिल्यांदाच रडत होतं. दीपमालाचा झोपेतला आवाज आला, काहीतरी पुटपुटत तिनं त्याला उचललं. कलाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"मावशी, लिवलं तं तुमची नौकरी..."

"एकतीस लेकरं हायत तिथं," कलाबाई म्हणाल्या. "काढा कागद. सही येते मले."

७

सोमवारी साडेदहाला धम्मशीलानं चार कागद साहेबांच्या टेबलावर ठेवले. पाचवा तिचा स्वतःचा होता. नकाशानं जुन्या ओळी का लपवल्या, ते त्यात लिहिलेलं. साहेबांनी पाचही वाचले. कलाबाईंचा कागद त्यांनी परत वर घेतला, पुन्हा वाचला आणि सहीचं पेन टोपण लावून खिशात ठेवलं.

"नवा नमुना घ्या," ते म्हणाले. "यादी संध्याकाळपर्यंत थांबवतो. आणि या बाईंवर कसलीही कारवाई होणार नाही, हे मी वर लिहितो. त्यांचा यात काय दोष?"

दुपारी लक्ष्मीकांत काका निंबाळीला आले. मोटारसायकल त्यांनी अंगणवाडीपाशी लावली नाही, सरळ हापशीपाशी नेली. कलाबाई दांड्याशी उभ्या होत्या. पोरं गोळा झाली होती.

काकांनी क्रमांक वाचून कागदावर लिहिला. थोडं पाणी वाहू दिलं, बाटली तीनदा विसळली, गळ्यापर्यंत भरली. कलाबाई हापसत होत्या, पण त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

"खारं हाय, सायेब," त्या म्हणाल्या. "द्यायची लाज वाटते."

"लाज तुम्हाला कशाला, मावशी? ती मला वाटायला हवी, आणि ती मी बरोबर घेऊनच आलोय."

चिठ्ठी लावून झाली. ऊन एप्रिलइतकं नव्हतं, तरी काकांच्या गळ्यावर घाम होता. त्यांनी अंगणवाडीच्या दाराकडे बघितलं. आत, मुलांच्या हाताला येईल अशा ठिकाणी, फडकं बांधलेलं ते मडकं आणून ठेवलं होतं. सकाळीच गुलाबराव वरवटहून येऊन एक जार त्यात रिकामा करून गेले होते.

कलाबाईंनी त्यांची नजर ओळखली.

"ते आता लेकरायचं हाय, सायेब," त्या हळू म्हणाल्या. "त्यातलं देता येनार नाही."

"देऊच नका," काका म्हणाले. त्यांनी बाटली पिशवीत ठेवली, वाकले आणि दोन्ही हातांची ओंजळ हापशीच्या तोंडाखाली धरली. कलाबाईंचा हात दांड्यावर थबकला.

"हापसा, मावशी."

त्यांनी हापसलं. काका ते पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, तोंड पुसलं आणि ओलेच हात जोडून बाटली घेऊन निघाले.

संध्याकाळी सहाला शैलजाचे आकडे आले, या वेळी शेऱ्यासकट. निंबाळीचा ठिपका लाल झाला. त्याखाली जुन्या-नव्या चारही ओळी उघड्या, आणि एप्रिलच्या ओळीपुढं लिहिलेलं: नमुना हापशीचा नाही. धम्मशीलानं दीपमालाला फोन लावला. लाल झालं, एवढंच म्हणाली. यादीत नाव आलं.

दीपमालानं श्वास सोडल्याचा आवाज आला. बाळ आत्ताच दूध पिऊन झोपलं, ती म्हणाली.

"दूध कोणत्या पाण्यात कालवलंस?" धम्मशीलानं विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत फोन कानाला घट्ट धरून ठेवला.